जालना ते ठाणे : विमान आधी पोचतं की साडूंची गाडी?

मोंढा_नाका
मंडळी, घरात वाद पेटलाय, निकाल तुम्ही लावा.
जानेवारीत मेहुण्याच्या मुलीचं लग्न आहे, ठाण्यात. मी आणि माझे साडू दोघंही जालन्याहून, साडूंच्याच दारातून, एका दिवशी निघणार. मी म्हणतो चिकलठाण्याहून, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावरून, विमान पकडतो, तासाभरात मुंबई. साडू म्हणतात, "तुम्ही पट्टा काढून स्कॅनरमध्ये घालेपर्यंत मी समृद्धीवरून इगतपुरीला असेन." जो हरेल त्याने हुरडा पार्टी द्यायची.
नेटवर बघायला गेलो तर डोकं फिरायची वेळ आली. एक साइट म्हणते संभाजीनगर-मुंबई अंतर 280 किमी, उड्डाण 51 मिनिटं. तिकीट काढायला गेलं की 1 तास 10 मिनिटं दाखवतात. रस्त्याने साडेतीनशेच्या घरात. रेल्वेवाले 375 किमीचे पैसे घेतात. शहरं तीच दोन. मग खरं अंतर कोणतं आणि खरा वेळ किती?

ज्वारीचं_कणीस
हुरडा कुणाच्या शेतात ते आधी सांगा. निकाल त्यावर ठरेल.

सौ_परभणीकर
मोंढा_नाका भाऊ, तासाभरात मुंबई हे फक्त विमानाच्या खिडकीशी बसलेल्या माणसासाठी. मी सासूबाईंना घेऊन गेलेले आहे. घर ते घर दिवस गेला असं समजा. सविस्तर रात्री लिहिते, आत्ता भाकरी टाकायच्यात.

बीडचा_बिब्बा
आमच्याकडे 17 सप्टेंबर 2025 ला कुठं अहिल्यानगरची पहिली रेल्वे लागली, आणि तुमची विमान मोठं की समृद्धी मोठी अशी भांडणं चाललीत. खुशाल भांडा. परळीपर्यंत 261 किमीची ती लाइन पुरी होईस्तोवर आम्ही धागा वाचत बसतो.

टरबाइन
विमान क्षेत्रात नोकरी झाली आहे, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.
तुमचे सगळे आकडे बरोबर आहेत, फक्त मोजलंय वेगवेगळं. 280 किमी म्हणजे चिकलठाणा ते मुंबईचं सांताक्रूझ विमानतळ अशी नकाशावर ओढलेली सरळ रेघ. आमच्या भाषेत साधारण 151 सागरी मैल, एक सागरी मैल 1.852 किमीचा. विमान त्या रेघेवरून कधीच जात नाही. वारा समोरून घेऊन उठतं, वळतं, ठरलेल्या मार्गाला लागतं आणि मुंबई जवळ आली की रांगेत उभं राहतं, म्हणजे हवेतच घिरट्या घालतं. प्रत्यक्षात अंतर 300 च्या वर जातं.
आता ते 51 मिनिटांचं गौडबंगाल. अशा साइटी कुठलंही विमान बघत नाहीत. अंतराला ताशी 805 किमीने भागायचं आणि चढण्या-उतरण्याची सरसकट 30 मिनिटं मिळवायची, एवढाच हिशेब. 280 भागिले 805, आली 21 मिनिटं, अधिक 30, झाली 51. दिल्ली-लंडनला हे गणित बऱ्यापैकी चालतं. आपल्याकडे विमान वर चढून जरा सरळ होतंय न होतंय तोवर उतरायची घोषणा होते. ए 320 हे जेट उंचावर ताशी 830 च्या आसपास धावतं, पण या मार्गावर त्याला तो वेग जेमतेम काही मिनिटं मिळतो. पंख्याचं एटीआर 72 असेल तर मुळात वेगच 500 च्या आसपास.
तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम. इथे चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून तिथे पुन्हा ठोकळे लावेपर्यंतचा वेळ. त्यात जमिनीवरचं रांगणं आलं, मुंबईची रांग आली. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिच्यावर दिवसाला नऊशेच्या वर विमानं उतरतात-उठतात. मग कंपन्या वेळापत्रकातच सैल धरतात. वेळेनंतर 15 मिनिटांच्या आत पोचलं तरी ते 'वेळेवर'च धरलं जातं. त्या 1 तास 10 मिनिटांतली हवेतली असतात 40 ते 45.

मोंढा_नाका
टरबाइन साहेब, जबरदस्त. म्हणजे मी 45 मिनिटांसाठी भांडतोय? आणि वाऱ्याचं काय? कुणीतरी म्हणालं मुंबईला जाताना जास्त लागतं, येताना कमी.

टरबाइन
बरोबर ऐकलंत. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेचा वारा जोर धरतो, म्हणजे मुंबईला जाताना तो तोंडावर आणि येताना पाठीशी. पण इतक्या थोड्या अंतरात फरक दोन-चार मिनिटांचा. दिल्ली-कोलकाता करणाऱ्याला तो जाणवतो, तुम्हाला नाही जाणवायचा. तुमचा वेळ खाणार आहे तो जमिनीवरचा कारभार.

जुनी_मीटरगेज
रेल्वेत आयुष्य गेलं, म्हणून 375 बद्दल मी बोलतो. संभाजीनगर ते सीएसएमटी 375, जालन्याहून धरलं तर 437, नांदेडहून 610 च्या आसपास. आता नांदेड-मुंबई सरळ रेघ बघा, 468 किमी. एवढा फरक का? कारण गाडी परभणीहून वर मनमाडला जाते आणि तिथून मुंबईकडे. मुंबईला जायचं म्हणून ही लाइन टाकलेलीच नाही. निजामाच्या राज्यात हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे झाली, 1899 ते 1901 च्या दरम्यान, हैदराबादहून मनमाडपर्यंत. तीही मीटरगेज, म्हणजे कमी रुंदीच्या रुळांची. मनमाडला उतरायचं, बोजा हमालाच्या डोक्यावर द्यायचा, ब्रॉडगेजचा फलाट गाठायचा आणि मुंबईच्या गाडीत घुसायचं. रात्री-बेरात्री, लेकरं कडेवर. ज्यांनी ते केलंय त्यांना विचारा अंतर किलोमीटरमध्ये मोजतात का.
रूळ रुंद झाले 1990 च्या दशकात. पण अजूनही मनमाडजवळच्या अंकाईपासून संभाजीनगरपर्यंत दुहेरीकरणाचं काम चालूच आहे. एकेरी लाइनवर समोरून गाडी आली की तुमची गाडी बाजूला उभी. मग ती वंदे भारत असो की पॅसेंजर, कुणाला तरी थांबावंच लागतं.

काळी_माती_गंगाखेड
मीटरगेज आप्पा, एकदम मुद्द्याचं बोललात. आमचा मुलूख हैदराबादकडं तोंड करून बसलेला आहे आणि आम्ही मुंबईचं अंतर मोजायलोत. नांदेड ते शमशाबाद, म्हणजे हैदराबादचं विमानतळ, सरळ रेघ काढा, 250 सुद्धा भरत नाही. मुंबई त्याच्या जवळपास दुप्पट. आमच्याकडं दवाखान्याला, शिक्षणाला, लग्नाच्या साड्यांना लोक अजून हैदराबादच धरतात. 'उडान' योजनेत 27 एप्रिल 2017 ला नांदेडहून पहिलं विमान निघालं तेही हैदराबादलाच. पुढं ती कंपनीच बंद पडली, मग काही काळ विमानतळावर कुत्री झोपायची, आता पुन्हा दुसऱ्या कंपनीची विमानं सुरू आहेत.

देवणी_खिलार
लातूरकर आलेत का इकडं? आमच्याकडं धावपट्टी आहे, कुंपण आहे, पाटी आहे. फक्त विमान तेवढं नाही. मुंबईला जायचं तर रात्रीची लातूर एक्स्प्रेस, जेवून झोपायचं की सकाळी दादर. 51 मिनिटं लागू द्या की 71, झोपेत काय फरक पडतो?

चाकावर_संसार
मी आठवड्यातून कधी कधी रोज समृद्धीवर असतो. पर्यटनाच्या गाड्या आहेत माझ्या. साडूंच्या बाजूने बोलतो पण त्यांनाही दोन गोष्टी सांगतो.
जालन्याच्या इंटरचेंजवर चढायचं आणि आमण्याला उतरायचं. हे सगळं मिळून 330-335 किमी. आमणे म्हणजे भिवंडीजवळ, मुंबई नव्हे. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किमीचा तुकडा 5 जून 2025 ला सुरू झाला, त्यामुळे कसारा घाट तुमच्या नशिबातून गेला. आता इगतपुरीशेजारी पावणेआठ किमीचा बोगदा लागतो, पार.
मोटारीला वेगमर्यादा ताशी 120, पण सगळीकडे तीच नाही, घाटाच्या भागात पाट्या बघून चालवा. वाटेत एकदा थांबलात तर सव्वातीन ते साडेतीन तासांत आमणे. टोल 2025 च्या दराने मोटारीला किलोमीटरमागे 2 रुपये 6 पैसे, म्हणजे जालना-आमणे जवळपास 690 रुपये.
आता दोन गोष्टी. पहिली टायर. निघण्याआधी हवा बघायची ती टायर थंड असताना, आणि कंपनीने दाराच्या चौकटीवर जो आकडा चिकटवलाय तोच भरायचा. कमी हवेचं टायर जास्त गरम होतं, कारण त्याची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते आणि सुटते. काँक्रीटवर तासभर 120 ने पळवलं की मग ते फुटतं. टायरवर तारीख असते, चार आकडी. 2319 दिसलं तर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातलं. असलं जुनं टायर घेऊन समृद्धीवर येऊच नका, नक्षी कितीही नवी दिसू द्या.
दुसरी गोष्ट, संमोहन. रस्ता सरळ, वळण नाही, गाव नाही, रस्त्यात म्हैस आडवी येत नाही. डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. माझे ड्रायव्हर शिर्डीला खाली उतरून चहा घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत, असा नियमच केलाय.

ज्वारीचं_कणीस
'आठवड्यातून कधी कधी रोज' हे मला फार आवडलं.

चाकावर_संसार
कामाचं बघा हो कणीस.

सौ_परभणीकर
आले. विमानाचा हिशेब मांडते. जालन्याहून चिकलठाणा पन्नासेक किमी, तास धरा. बहुतेक कंपन्यांचं काउंटर उड्डाणाच्या 60 मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे तुम्ही दीड तास आधी हजर पाहिजे. गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद. मग टरबाइन साहेबांचा तास-सव्वातास. मुंबईत उतरल्यावर बॅगांच्या पट्ट्यापाशी उभं राहायचं, सगळ्यांच्या बॅगा येतात, आपलीच येत नाही. तिथून टॅक्सी.
पण माझं मत तरी विमानालाच. सासूबाईंना व्हीलचेअर सांगितली होती. तिकीट काढतानाच सांगायची, ऐनवेळी नाही. माणूस दारापासून विमानाच्या खुर्चीपर्यंत नेतो. गाडीत पाच तास पाय दुमडून बसल्यावर म्हाताऱ्या माणसाचे पाय सुजतात, ते तुमच्या घड्याळात दिसत नाही. आणि चाकावर_संसार भाऊ, चालवणारा माणूस लग्नाच्या मांडवात जांभया देत बसतो, त्याचे मार्क कुठे धरलेत?

जालनेकर_साडू
नमस्कार. नुकताच सदस्य झालो. तो साडू मीच.
मोंढा_नाका साडूभाऊ, लिंक मला घरच्यांनीच पाठवली. इथे परस्पर न्यायालय भरवलंत ते बरं केलंत. एक दुरुस्ती: "पट्टा काढून" असं मी म्हणालो नव्हतो. मी "बूट काढून" म्हणालो होतो.

ज्वारीचं_कणीस
आली, आली! धाग्यात जान आली!

ठाणेकर_मूळचा_सेलूचा
दोघांनाही सांगतो, तुम्ही मधलं अंतर मोजायलात आणि भांडण शेवटच्या तीस किलोमीटरमध्ये आहे.
साडू काका, आमण्याहून ठाण्यात यायचं म्हणजे भिवंडी बायपास, माणकोली, खारेगाव, माजिवडा. सकाळी सातच्या आत आलात तर अर्ध्या-पाऊण तासात सुटाल. साडेनऊला आलात तर नाशिककडून येणारे सगळे कंटेनर तुमच्याबरोबर वरात काढतील, दीड तास कुठे गेला नाही. लग्नाचं कार्यालय घोडबंदर रोडला असेल तर आणखी वेगळा नमस्कार करा.
विमानवाल्यांनाही सुटका नाही. अंधेरीहून जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता), पवई, मग पूर्व द्रुतगती. रात्री अकराला चाळीस मिनिटं, संध्याकाळी साडेसहाला तुमचं नशीब.
कार्यालय विलेपार्ल्यात असतं तर विमान डोळे झाकून जिंकलं असतं. ठाणं हे साडूंच्या बाजूला झुकलेलं गाव आहे.

मोंढा_नाका
कार्यालय घोडबंदरलाच आहे.

देवणी_खिलार
हार मानून हुरड्याला लागा मग.

जुनी_मीटरगेज
रेल्वेला कुणी विचारतच नाही. जालन्याहून वंदे भारत 30 डिसेंबर 2023 ला सुरू झाली तेव्हा पहाटे पाचला निघून दुपारी बाराच्या आत सीएसएमटी. ऑगस्ट 2025 पासून ती नांदेडहून सुटते, पहाटे पाचलाच, आणि मुंबईत पोचते ती दुपारी अडीचच्या सुमारास. नांदेड-परभणीकरांची सोय झाली, जालनेकरांचा अर्धा दिवस गेला. पण ती ठाण्याला थांबते हे विसरू नका. विमान ठाण्यात थांबत नाही.

काळी_माती_गंगाखेड
विमान ठाण्यात थांबत नाही! आप्पा, हे पाटीवर लिहून लावायला पाहिजे.

टरबाइन
सगळ्यांचे आकडे धरून बेरीज केली. दोघंही जालन्याच्या दारातून निघाले असं समजू.
विमान: विमानतळापर्यंत 1 तास, तिथली थांबाथांब दीड तास, ब्लॉक टाइम 1 तास 10, उतरून बाहेर पडेपर्यंत अर्धा तास, घोडबंदर सव्वा तास. साडेपाच तासांच्या जरा आतबाहेर.
गाडी: इंटरचेंजपर्यंत वीस मिनिटं, आमणे साडेतीन तास (चहा धरून), पुढे पाऊण ते दीड तास. चार तास पस्तीस मिनिटं ते सव्वापाच-साडेपाच तास.
म्हणजे साडूंनी चांगल्या वेळेला निघायचं, बस्स. विमानाला ती मुभा नाही. दिवसातून मोजकी विमानं, ती सुटतील तेव्हाच तुम्ही सुटणार. शिवाय जानेवारी आहे. चिकलठाण्यात ऊन पडलेलं असतं, पण तेच विमान सकाळी दिल्लीच्या धुक्यातून यायचं असेल तर तुम्ही उन्हात बसून धुक्याची वाट बघता. तिकीट काढताना ते विमान आधी कुठून येतं ते बघा. सकाळचं पहिलं असेल तर तिथेही विचार करा, रात्रभर आपल्याकडे मुक्कामी विमान क्वचितच असतं.
उलट हाच प्रवास संभाजीनगरच्या सिडकोतून अंधेरीला असता तर विमानतळ दहा मिनिटांवर, पलीकडेही दहा मिनिटांवर. तिथे गाडीला काही वाव नव्हता.

सौ_परभणीकर
टरबाइन साहेब, तुम्ही विमानवाले असून गाडीच्या बाजूने निकाल दिलात?

टरबाइन
ताई, नोकरी विमानाची होती, घर जालन्यातच आहे.

जालनेकर_साडू
तर मग ठरलं. साडूभाऊ, हुरड्याला गूळभेंडी मिळाली तर बघा, नाहीतर सुरती चालेल. आगटी मी पेटवतो. लसणाची चटणी तुमच्याकडची.

मोंढा_नाका
ठरलं कुठे? टरबाइन साहेबांनी "चांगल्या वेळेला निघायचं" असं म्हटलंय. तुम्ही आयुष्यात कधी सांगितलेल्या वेळेला निघालात का? पहाटे पाच म्हणाल आणि साडेसातला देवपूजा सुरू असेल. मग माजिवड्याला बरोबर साडेअकरा-बारा. शर्यत अजून खुली आहे.

चाकावर_संसार
साडेसातला निघून बारा वाजता माजिवडा म्हणजे गाडी चांगलीच चालवली म्हणायची.

सौ_परभणीकर
ते सगळं राहू द्या. नवरीच्या दोन्ही आत्या तुमच्या दोघांच्या घरात आहेत ना? मग आहेर, साड्या, रुखवत कुणाबरोबर जाणार आहे? विमानात देशांतर्गत साधारण 15 किलो सामानात आणि 7 किलो हातात. पितळी समई, तांब्याचा हंडा आणि करंज्यांचे डबे धरा, 15 किलो पहिल्याच बॅगेत संपतात. आणि मोंढा_नाका भाऊ, ओटीच्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात बॅगेत चालत नाहीत, सुकं खोबरं तेलामुळे पेट घेतं म्हणून मनाई आहे. तपासणीत काढून ठेवायला लावतात.

मोंढा_नाका
हे आमच्याकडे आत्ताच वाचून दाखवलं गेलं. विमानाचं तिकीट एकच काढायचं आणि ते माझं नाही, असा आतून निरोप आलाय. साडूभाऊ, डिकी रिकामी ठेवा.

जालनेकर_साडू
डिकीत आमचं रुखवत आहे. तुमच्यासाठी कॅरियर बांधतो. आणि पहाटे पाच म्हणजे पाच.